नुसती साय बघू नकोस

काल येऊरला मृगातल्या बाणाखाली तो धूसर ठिपका, म्हणजे मृगातला तेजोमेघ, दुर्बिणीतून दाखवला ना, त्यातच कोवळ्या ताऱ्यांभोवती ग्रह घडवणाऱ्या, वायू आणि धुळीच्या तबकड्या आहेत. हबल या अवकाश दुर्बिणीने टिपल्यात त्या. आता त्यांची चित्रं जमवशील, तर आधी तरंगलांबी वाच. जवळच्या अवरक्तात (लाल प्रकाशाच्या लगतच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींत) दिसतो तो बारीक धुळीवरून विखुरलेला ताऱ्याचा प्रकाश, म्हणजे वरची साय. सायीवरून खाली दूध किती ते कळत नाही! मिलिमीटर लहरींत तबकडीच्या मधल्या पातळीवर बसलेले जाडसर कण स्वतःच्या उबेने उजळतात. आल्मा या चिलीतल्या रेडिओ दुर्बिणीने २०१४ मध्ये एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची वलयं दाखवली, ती अशीच. तबकडीत फट दिसली की लगेच ‘ग्रह’ म्हणू नकोस. पीडीएस ७० या ताऱ्याच्या तबकडीतल्या पोकळीत मात्र ग्रहांचा स्वतःचा प्रकाशच टिपलाय. तबकडीतल्या वायूसाठी कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णपटातल्या रेषा बघ.