फोन काढून घेण्याआधी कॉलेजच्या ग्रुपचं बघा

तुम्ही लिहिलंय: मुलगी शाळेत कायम पुढे, कॉलेजच्या पहिल्याच सत्रात निकाल घसरला, फोनमधला स्क्रीन टाइम साडेचार तास. तुमचे मिस्टर म्हणतात फोन काढून घ्या, आणि ती म्हणते, "अभ्यासाचं सगळं ग्रुपवरच येतं." हा बहाणा आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही. निदान पूर्ण बहाणा तरी नाही. आमच्या मुलाच्या पहिल्या वर्षी हेच वाक्य घरात रोज ऐकू यायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी समुपदेशक नाही, शिक्षिकाही नाही. एका घरात काय झालं तेवढंच मला ठाऊक आहे, तेव्हा तुमच्याकडे लागू पडेल तेवढंच घ्या. नोटिफिकेशन बंद करा, जेवताना फोन नको वगैरे तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते परत सांगत नाही.

पहिलं म्हणजे त्या साडेचार तासांवरून भांडू नका. त्याच सेटिंगमध्ये फोन दिवसातून किती वेळा उघडला तो आकडा असतो, तो बघा. सलग तासभर काहीतरी बघून फोन ठेवून देणारा मुलगा आणि अभ्यासाच्या दोन तासांत चाळीसदा फोन उचलणारा मुलगा यांचा स्क्रीन टाइम सारखाच दिसू शकतो, पण दुसऱ्याच्या डोक्यात काहीही शिरत नाही. २०१३ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लॅरी रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं घरी अभ्यासाला बसलेली असताना शेजारी बसून निरीक्षण केलं होतं. मोजून १५ मिनिटांची बैठक, समोर निरीक्षक बसलाय हे माहीत, तरीही सरासरी ६ मिनिटांच्या आतच मुलं दुसरीकडे वळत होती, आणि वळण्याचं मुख्य कारण फोन आणि संगणकच होते. मग कुणी बघत नसताना काय होत असेल!

आता ग्रुपचं. आमच्या मुलाच्या विभागात वेळापत्रकातला बदल, टिपणं, असाइनमेंटची मुदत, अंतर्गत चाचणीची तारीख, सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचं. कधीही. रात्री अकराला "उद्या युनिट तीनवर टेस्ट" आणि त्याखाली शंभरेक जणांचे "ओके सर", "थँक्यू सर", हात जोडलेले स्टिकर. कामाचा मेसेज शोधायला वर सरकत जायचं, तेवढ्यात कुणीतरी रीलची लिंक टाकलेली असायची, आणि मग पाऊण तास गेलाच म्हणून समजा. त्याला रील बघायला आवडायचं हे खरंच आहे, त्याची बाजू घेत नाही. पण दार उघडून देणारं कोण होतं, तर कॉलेजच.

पालकसभेत याच कॉलेजने 'मोबाइलचं व्यसन' या विषयावर तासभर व्याख्यान दिलं. (त्या व्याख्यानाच्या स्लाइड नंतर ग्रुपवरच आल्या, हे जाता जाता.) पुढे आम्हाला वेगळं बोलावून विद्यार्थी कक्षातल्या बाईंनी स्पष्ट सल्ला दिला की सत्र संपेपर्यंत मुलाला साधा बटणांचा फोन द्या. आम्ही दिला. मुलगाही तयार झाला, कारण निकालाने तोही हादरला होता. आणि दोन-तीन आठवडे खरंच बरे गेले. तो लवकर झोपायला लागला, चिडचिड कमी झाली.

मग एका विषयाची अंतर्गत चाचणी दोन दिवस अलीकडे आली. सूचना फक्त ग्रुपवर. याला वाटलं मित्र सांगेल, मित्राला वाटलं याला माहीत असेल. हा जुन्या तारखेची तयारी करत बसला आणि चाचणीला गैरहजर लागला. शून्य.

मी ऑफिसात गेले. उत्तर: "ग्रुपवर टाकलं होतं." म्हटलं, तुमच्याच सांगण्यावरून फोन बदललाय. तर म्हणे तो विद्यार्थी कक्षाचा सल्ला होता, परीक्षा विभागाशी त्याचा संबंध नाही. विद्यार्थी कक्षात गेले तर "परीक्षेचं आम्ही काही सांगू शकत नाही." नोटीस बोर्डावर का लावत नाही विचारलं तर "बोर्ड हल्ली कोण बघतं?" ईमेल करा म्हटलं तर अर्ज द्या. अर्ज दिला तर तो विभागप्रमुखांकडे, विभागप्रमुख रजेवर, आणि ते परत येईपर्यंत अंतर्गत गुण वर पाठवून झालेले. आता बदल करता येत नाही म्हणे. तो विषय त्या शून्यामुळे राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे मुलाने त्यातून एकच धडा घेतला, की फोन हातातून सुटला की आपलं नुकसान होतं. पुढे कितीतरी महिने तो अंघोळीलाही फोन घेऊन जायचा. हे लिहितानाही डोकं तापतंय माझं. संस्थेने फोनशिवाय चालणार नाही अशी व्यवस्था करायची आणि व्यसनाचं खापर घरच्यांवर फोडायचं, याला काय म्हणावं?

असो. म्हणून तुम्हाला सांगते, फोनचा निर्णय घेण्याआधी विभागाला लेखी पत्र द्या: चाचणी, मुदत आणि वेळापत्रकाच्या सूचना ग्रुपखेरीज बोर्डावर किंवा ईमेलवर मिळाव्यात. पोच घ्या, तारखेसह. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नसते. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग असते, तीही मागा. आमच्याकडे शेवटी एका तरुण प्राध्यापकांनी ती केली आणि निम्मा गोंगाट त्या दिवशी संपला. घरी संगणक असेल तर व्हॉट्सअ‍ॅप त्याच्यावर जोडून घ्या. फोन दुसऱ्या खोलीत बंद करून ठेवलेला असला तरी ते चालतं, अधूनमधून फोन सुरू करून जोडणी ताजी ठेवावी लागते इतकंच. संध्याकाळी एकदा आणि झोपण्याआधी बऱ्यापैकी लवकर एकदा ग्रुप बघायचा, वहीत तारखा उतरवायच्या, बंद. रात्री अकराच्या मेसेजचं काय, तर वर्गातली एक भरवशाची मैत्रीण ठरवून ठेवायची, जी तातडीचं असेल तर सरळ फोन करेल. मैत्रिणीशी हे मुलीनेच बोलावं, तुम्ही नको.

फोन दुसऱ्या खोलीत असं मुद्दाम म्हणतेय. २०१७ सालच्या एका बऱ्याच गाजलेल्या प्रयोगात फोन नुसता टेबलावर असलेल्यांपेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांनी आकलनाच्या चाचण्या चांगल्या सोडवल्या होत्या, आणि सगळ्यांच्याच फोनचे आवाज बंद केलेले होते. पुढे हाच प्रयोग करून बघणाऱ्या सगळ्यांना तसा फरक दिसला नाही, हेही खरं. पण करायला फुकट आहे आणि आमच्याकडे उपयोग झाला.

तुमच्या मिस्टरांच्या मुद्द्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. इंग्लंडमधल्या शाळांत फोनबंदीनंतर निकाल थोडे सुधारल्याचं बेलँड आणि मर्फी यांच्या अभ्यासात दिसलं होतं, पण फायदा मुख्यतः मागे पडलेल्या मुलांना झाला. पुढच्या मुलांना जवळजवळ काहीच नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास केला तर काही फरक दिसला नाही. आणि तिथे बंदी सगळ्या शाळेला असते. एकट्या तुमच्या मुलीचा फोन काढला तर ती सगळ्यांच्यात एकटी पडणार, हा फार मोठा फरक आहे.

आणखी एक गोष्ट तपासा, जी आम्हाला उशिरा सुचली: आधी काय झालं? गुण घसरले म्हणून ती फोनमध्ये तोंड घालून बसते की फोनमुळे गुण घसरले? सोशल मीडिया जास्त वापरणाऱ्यांचे गुण कमी असतात असं सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत, पण त्यातले बहुतेक दोन गोष्टी सोबत आढळल्या एवढंच दाखवतात. शाळेतून कॉलेजात गेल्यावर विषय एकदम अंगावर येतात. वर्गात कळेनासं झालं की फोन हा सगळ्यात जवळचा आडोसा असतो. कुठल्या विषयात गुण गेले ते बघा. सगळीकडे सारखे घसरले असतील तर झोप आणि फोन. एक-दोन विषयांतच गेले असतील तर शिकवणीचा प्रश्न आहे, फोनचा नाही.

अभ्यासाच्या रीलबद्दल माझं मत टोकाचं आहे, पटणार नाही कदाचित. एक मिनिटात संकल्पना, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या युक्त्या, सुंदर टेबलावर रंगीत पेनं मांडून अभ्यास करणाऱ्या मुली. हे मला विनोदी रीलपेक्षा घातक वाटतं, कारण ते बघताना अभ्यास केल्यासारखं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे: मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर, न बघता आठवून लिहिणारेच पुढे गेले. रीलमध्ये तर वाचणंही नसतं. व्हिडिओ बघायचाच तर लांबलचक, एका विषयाचा, आणि संपल्यावर कोऱ्या कागदावर काय आठवतं ते लिहायचं. कागद कोरा राहिला तर व्हिडिओ करमणूक होता.

नजर ठेवणारं अ‍ॅप टाकू का, असंही तुम्ही विचारलंय. अठरा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये? मी टाकणार नाही. एक तर ती तासाभरात ते निकामी करेल, आणि मग तुम्हाला खरं सांगणं बंद करेल, जे आत्ता ती सांगतेय. त्यापेक्षा रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा. सगळ्यांचे म्हणजे तुमच्या मिस्टरांचाही, आणि गजराचं साधं घड्याळ आणा, नाहीतर "गजर लावायचाय" म्हणून पहिल्याच रात्री फोन आत जातो.

पत्र मात्र या आठवड्यातच द्या. अंतर्गत चाचण्या सुरू झाल्यावर दिलेल्या पत्राला ऑफिसात कुणी हात लावत नाही.