गाठ नाही, जखम नाही, मग तुकडा कशाला?

भाऊ, सुपारी खाणाऱ्या अण्णांचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय, भाकरीसोबत ठेचा खाल्ला की डोळ्यांत पाणी येतं, आणि गाठ नसताना डॉक्टर तपासणीसाठी गालाचा तुकडा (बायोप्सी) मागतायत, असं तुम्ही लिहिलंय. सुपारीनं तोंड असं आवळतं त्या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. बीड-परळीकडचे पेशंट हेच विचारतात. मी पॅथॉलॉजीत आहे, त्यामुळे तुकड्याचा पातळ काप काचेच्या स्लाइडवर सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो तेवढं सांगतो.

निरोगी गालाच्या आतून चपट्या पेशींचे थरावर थर असतात. त्यांच्याखाली एक अगदी बारीक पडदा, आणि पडद्याखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला सैल भाग. तो सैल आहे म्हणून जांभई देताना गाल ताणतो. सुपारीतलं अरेकोलिन तिथल्या पेशींना कोलॅजनचे धागे जास्त तयार करायला लावतं. सुपारीत तांबंही असतं, त्यानं ते धागे एकमेकांत असे पक्के गुंततात की शरीराला सहज मोडता येत नाहीत. मग स्लाइडवर सैल जाळीच्या जागी सलग गुलाबी पट्टा दिसतो, त्यात पेशी विरळ आणि रक्तवाहिन्या चेपलेल्या. अण्णांची प्रत्येक तक्रार इथं सापडते. धाग्यांनी तोंड आवळलं, रक्त कमी झाल्यानं गाल पांढुरका पडला, वरचे थर झिजल्यामुळे तिखट झोंबतं.

एवढं तर डॉक्टरांना गालावरून बोट फिरवूनही कळतं. तुकडा हवा तो वरच्या थरांसाठी. तिथं पेशींची केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी झाली असतील तर रिपोर्टात ‘डिस्प्लेशिया’ येतं, म्हणजे पुढं कॅन्सरकडे जाऊ शकणारा पेशींतला बदल. खालचा पडदा शाबूत आहे तोवर आम्ही पसरणारा कॅन्सर म्हणत नाही; पेशी तो फोडून खाली उतरल्या की निदानच बदलतं. हा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती मनातून काढा. भूल देऊन ज्वारीच्या दाण्याएवढाच तुकडा घेतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथंही दाखवता येईल.

आणि अण्णा ‘तंबाखू नाही, नुसती सुपारीच खातो’ म्हणत असतील तर ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. पुडी, मावा, सुगंधी सुपारी आजच बंद करा. झालेला पट्टा त्यानं विरघळणार नाही, पण वाढ थांबायला तेच लागतं. डिस्प्लेशिया नाही असं आलं, तरी दर काही महिन्यांनी तोंड दाखवत राहा. रिपोर्ट आला की इथं टाका, नाव-पत्ता झाकून.