जुलाब थांबल्यावर दहा दिवसांनी पायांतली ताकद का जाते?

वडिलांना आधी जुलाब झाले, मग पायांत मुंग्या येऊन ताकद गेली, या दोन गोष्टींचा संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंत. हो, असू शकतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या ‘गियाँ-बारे सिंड्रोम’मध्ये असंच होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, या आजारातून उठणाऱ्यांना चालायला शिकवते. जुलाब करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखेच दिसतात. जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, मग नसांवरच तुटून पडतात. मेंदू शाबूत असतो, पण त्याचा हुकूम पायांपर्यंत पोचत नाही. अशक्तपणा बहुधा पायांकडून वर चढतो, 2 ते 4 आठवडे वाढू शकतो. म्हणून डिचोलीत घरी थांबून वाट पाहू नका, आजच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या. श्वास लागला, गिळताना ठसका लागला तर लगेच 108 वर रुग्णवाहिका बोलवा. इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी लोकांच्या रक्तातली प्रतिपिंडं शिरेतून देणं) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं, यांपैकी कुठलाही उपचार पहिल्या 2 आठवड्यांत सुरू झालेला बरा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी यात फायदा होत नाही, कुणी सुचवल्या तरी घेऊ नका. मात्र मुंग्या मधुमेहाने किंवा बी-12 कमी झाल्यानेही येतात. निदान पक्कं करायला नसांची तपासणी आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणं मदत करतं.