कोल्हापुरात नव्या बँडच्या तिकिटाच्या कार्यक्रमाची कमी खर्चात जाहिरात कशी करावी?

फ्लेक्सवर पैसे घालवू नका, कार्यक्रमाच्या आधीचे दोन आठवडे लोकांना तुमचं एक गाणं ऐकवा. लहान कार्यक्रमांच्या प्रसिद्धीचं काम करताना मी पाहिलंय, अनोळखी नावाचा फलक बघून तिकीट कोणी काढत नाही. चाल कानात बसली की मात्र माणूस स्वतःहून चौकशी करतो. हे गाव शास्त्रीय गायक अल्लादिया खाँसाहेबांचं, देवल क्लब या जुन्या संगीत संस्थेचं. इथला श्रोता आधी ऐकतो, मगच ठरवतो.

मला सगळ्यात भरवशाच्या वाटणाऱ्या जागा:
- मिसळीची हॉटेलं. मालकाला विचारून टेबलावर क्यूआर कोडची चिठ्ठी ठेवा. कट यायची वाट बघताना फोन हातातच असतो. स्कॅन केल्यावर थेट गाणं वाजलं पाहिजे, तिकिटाचं पान त्याच्या खाली.
- संध्याकाळचा रंकाळा. एक गिटार, एक कॅहोन (खोक्यासारखं तालवाद्य), दहा मिनिटं, माईक नाही.
- कॉलेजची कट्टामंडळी. कडव्याच्या दोन ओळी त्यांना गाऊ द्या, तो व्हिडिओ ते स्वतःच पसरवतात.

एकच लक्षात ठेवा, ध्वनिक्षेपक लावणार असाल तर पोलिसांची लेखी परवानगी आधी घ्या. उघड्यावर रात्री 10 नंतर तो वाजवता येत नाही.