ऑरगॅनिक कॉटनचा फायदा नक्की कोणाला?

प्रश्न: माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, मानेवर आणि मांड्यांवर सारखे रॅशेस उठतात. मैत्रीण म्हणते साध्या कॉटनमध्ये फवारणीचं औषध उरतं, ऑरगॅनिकच घे. खरंय का हे? किंमत बघून हात मागे येतो.

उत्तर: ताई, औषधाची भीती आधी मनातून काढा. बोंडातला कापूस कपडा होईपर्यंत इतक्यांदा उकळला जातो, ब्लीच होतो, धुतला जातो की फवारणीचं त्यात जवळजवळ काही उरत नाही. कपड्यामुळे कातडीला त्रास झालाच तर तो बहुतेक वेळा नंतरच्या गोष्टींचा असतो, म्हणजे रंग, किंवा सुरकुत्या पडू नयेत म्हणून केलेलं फिनिशिंग, ज्यातून फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. नुसत्या ‘ऑरगॅनिक’ शब्दावरून फक्त कापूस कसा पिकवला ते कळतं, म्हणून लेबलवर जीओटीएस (ऑरगॅनिक कापडासाठीचं जागतिक प्रमाणपत्र) बघा, त्यात रंग-केमिकलचेही नियम आहेत आणि ‘ऑरगॅनिक’ ग्रेडला किमान ९५ टक्के धागा ऑरगॅनिक लागतो. तरी रॅशेस राहिलेच तर डॉक्टरांना दाखवा, घाम, लाळ, डिटर्जंट, कशानेही होतं.

मग महागाचं का घ्यायचं? मी घेते ते शेतासाठी. पाठीवर पंप घेऊन छातीएवढ्या कपाशीत चालणारा माणूस डोळ्यापुढे आणा, वारा उलटा फिरला की फवारा तोंडावर, पंप गळका असेल तर सगळी पाठ भिजलेली, आणि त्याच हातांनी भाकरी खायची. एंडोसल्फान नावाचं कीटकनाशक असंच वर्षानुवर्षं कपाशीवर मारलं गेलं, २०११ मध्ये कुठे ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे घातक रसायनं जगभरातून हद्दपार करायच्या कराराच्या, यादीत गेलं. ऑरगॅनिक शेतात असली औषधं चालत नाहीत, त्यामुळे मावा ही कीड खाणारे ढालकिडे जगतात, विहिरीत विष झिरपत नाही, शेणखत-कंपोस्टनं माती भुसभुशीत होऊन ओल धरते. शिवाय सरकीचं तेल माणसं खातात, पेंड गुरं खातात, हे आपण विसरतोच!

मात्र ‘९१ टक्के पाणी वाचतं’ अशी जाहिरात दिसली तर भुलू नका, पावसावरच्या आणि पाटपाण्याच्या शेतांची सरळ तुलना होत नाही. उत्पादनही बऱ्याचदा कमी येतं, किंमत चढते ती त्यामुळेही.

सगळे कपडे बदलायची गरज नाही. अंगाला चिकटून राहणारे दोन-तीन नीट बघून घ्या, घालायच्या आधी धुवा, आणि कोणाच्या मुलाचे जुने मऊ कपडे मिळाले तर खुशाल घाला, ते शंभरदा धुतलेलेच असतात.