‘उनहाइमलिश’ला ‘भयानक’ म्हणावं का?

मनोविश्लेषक फ्रॉइडवरच्या लेखाचं मराठी करताना ‘उनहाइमलिश’ या जर्मन शब्दासाठी ‘भयानक’ चालेल का, आणि जर्मन लोक तो वापरतात कुठे, असं तुम्ही विचारलं आहे.

‘भयानक’ नको. वाघ समोर आला तर कशाला घाबरलो हे सांगावं लागत नाही. उनहाइमलिश वाटतं तेव्हा सगळं जागच्या जागी असतं, पण काहीतरी बिनसलंय असं आत जाणवत राहतं. ‘हाइम’ म्हणजे घर. त्यावरून ‘हाइमलिश’, म्हणजे घरचं, ओळखीचं. पण घरातलं ते चार भिंतींआडचं, म्हणून त्याच शब्दाला ‘लपवलेलं, गुपचूप’ असाही अर्थ आला आणि आजच्या जर्मनमध्ये तोच जास्त चालतो. सुरुवातीला नकाराचा ‘उन’ लागला की झाला आपला शब्द.

एर्न्स्ट येंट्श या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने 1906 मध्ये या भावनेचं मूळ शंकेत शोधलं: समोरची बाहुली निर्जीव आहे की जिवंत, हे ठरवता न येणं. फ्रॉइडला 1919 च्या निबंधात तेवढं पुरलं नाही. त्याच्या मते मनाने कधीकाळी जवळचं मानलेलं आणि नंतर दडपून टाकलेलं पुन्हा वर येतं, म्हणून ते परकं वाटतं. सिद्धान्त पटो न पटो (मला अर्धाच पटतो), त्याची उदाहरणं फार बोलकी आहेत. फ्रॉइड स्वतः रेल्वेच्या डब्यात एकटा बसला असताना गचका बसून न्हाणीचं दार उघडलं आणि घरगुती झगा घातलेले एक म्हातारे गृहस्थ आत आले. चुकून आपल्या डब्यात शिरले असतील, त्यांना सांगावं म्हणून तो उठला, तर दारावरच्या आरशात तो स्वतःच! दुसरं उदाहरण धुक्यात रान चुकलेल्या माणसाचं. वाट शोधत तो पुन्हा पुन्हा त्याच खुणेपाशी येतो. हे वाचून कोकणातला माणूस लगेच म्हणेल, “चकवा लागला!” म्हणजे अनुभव आपल्याकडे आहे, त्याला नावही आहे, पण ते एका प्रकारापुरतं.

मराठीत जवळचे शब्द विषयानुसार वाटले गेलेत. आवाज किंवा चेहरा असेल तर भेसूर: मध्यरात्री कुत्र्याचं रडणं भेसूर. जागा किंवा शांतता असेल तर भयाण. ‘भकास’मध्ये ओसाडपणा आहे, धास्ती नाही. ‘गूढ’ टाळाच, ते कुतूहल चाळवतं आणि माणूस पुढे जातो; इथे पाऊल मागे येतं. रसांच्या यादीतही भयानक आणि अद्भुत यांच्या मधली ही जागा रिकामीच दिसते.

बोलण्यात जर्मन माणूस ‘ही गोष्ट मला उनहाइमलिश आहे’ अशा रचनेत शब्द वापरतो, आपल्या ‘मला कसंतरीच वाटतं’सारखा. शिवाय निव्वळ ‘फार’ या अर्थानेही: ‘उनहाइमलिश गूट’ म्हणजे खूपच छान. आपण ‘भयंकर आवडलं’ म्हणतो तसंच. लेखात असं वाक्य आलं तर भुतं शोधू नका.

मासाहिरो मोरी या जपानी संशोधकाने 1970 मध्ये यंत्रमानवांबद्दल लिहिताना कृत्रिम हाताचं उदाहरण दिलं. दिसायला अगदी खरा, पण हातात घेतला की थंडगार. इथे भेसूरही बसत नाही, भयाणही नाही. मी ‘कसंनुसं होणं’ वापरेन.

एकच शब्द हवा हा हट्ट सोडा. फ्रेंचांनाही तो मिळाला नाही. फ्रॉइडच्या निबंधाच्या मारी बोनापार्तने केलेल्या 1933 च्या भाषांतरात शीर्षकच ‘अस्वस्थ करणारं अनोळखीपण’ अशा अर्थाचं आहे. तुम्ही शीर्षकात ‘ओळखीतलं परकेपण’ घ्या, पहिल्या उल्लेखात मूळ जर्मन शब्द ठेवा आणि पुढे प्रत्येक वाक्य क्रियापदाने सोडवा. ‘त्याला ते घर उनहाइमलिश वाटलं’ याचं मी ‘त्या घरात पाऊल टाकलं आणि त्याला कसंनुसंच झालं’ असं करेन.