शाळा बंद, ऑफिस चालू

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा. सुट्टी लागल्यापासून ऑफिसात दिवसाला दहा-बारा फोन येतात. "ताई रिमोट देत नाही", "आणखी खाऊ घेऊ का?", "खाली खेळायला जाऊ?" फोन घेतला तर हातातलं काम राहतं, नाही घेतला तर जीव टांगणीला लागतो. सासूबाई घरी असतात, पण दोघांना आवरणं आता त्यांच्याच्याने होत नाही.

उत्तर : तुम्ही लिहिलेले तिन्ही फोन पुन्हा वाचून बघा. त्यात अडचण एकही नाही. दोन परवानग्या आहेत आणि एक निवाडा. एरवी खायचं कधी, खेळायचं किती, हे शाळेची घंटा ठरवते. शाळा बंद झाली की ते सगळे निर्णय आईच्या डोक्यात येऊन बसतात, आणि ऑफिसचं काम करता करता ते घेत राहावे लागतात. दमणूक त्याची आहे. म्हणून हे निर्णय आधीच घेऊन टाका आणि कागदावर उतरवा.

रविवारी अर्धा तास दोघांना घेऊन बसा. दिवसाचे चारच भाग करा : सकाळ, दुपारचं जेवण आणि विश्रांती, चार ते साडेपाच, आणि संध्याकाळचा खेळ. प्रत्येक भागात एकच गोष्ट पक्की, बाकी वेळ त्यांचा. "दहा ते पावणेअकरा चित्रकला" असं तासातासाचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी कोलमडतं, आणि एकदा कोलमडलेल्या कागदाकडे मुलं परत बघत नाहीत. कागद मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, तुमच्या नव्हे.

टीव्ही-मोबाइलसाठी "दोन तास" असं प्रमाण देऊ नका. "चार ते साडेपाच" अशी वेळ द्या. प्रमाण कोणाला तरी मोजत बसावं लागतं आणि ते काम सासूबाईंच्या गळ्यात पडतं. वेळ घड्याळ सांगतं. रिमोट विषम तारखेला ताईचा, सम तारखेला भावाचा. मात्र ३१ नंतर १ येते आणि ताईला लागोपाठ दोन दिवस मिळतात. त्यावरून हमखास भांडण होईल, तेव्हा ३१ तारीख चिठ्ठी टाकून ठरवायची हे आत्ताच सांगून ठेवा. खाऊचे नावं घातलेले दोन डबे सकाळी भरा. संपला की त्या दिवसापुरता संपला.

आता फोन. लगेच फोन करायची कारणं तीनच : कोणाला लागलं किंवा बरं वाटत नाही, दारात अनोळखी माणूस आहे, घरात गॅसचा वास, धूर, पाणी असं काही झालं. ही तीन कारणं आणि शेजाऱ्यांचा नंबर त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. बाकी सगळं एका वहीत. साडेबाराला आणि चारला तुम्ही स्वतः फोन करायचा, वहीतलं एकेक वाचून घ्यायचं. बहुतेक ओळी तोवर त्यांनीच खोडलेल्या असतात.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. तुमचा साडेबाराचा फोन चुकला की वहीवरचा विश्वास उडतो. मीटिंग असेल तर वेळ सकाळीच बदलून सांगा. दुसरं, पाच वेळा "वहीत लिही" म्हणून सहाव्यांदा वैतागून "बरं, घे" म्हटलंत, तर सहा फोन केले की मिळतं, एवढंच मुलं शिकतात. पहिले तीन-चार दिवस फोन वाढल्यासारखेही वाटतील. वाक्य बदलू नका : "वहीत लिही, साडेबाराला बोलू."

सासूबाईंकडे जेवण आणि लक्ष ठेवणं एवढंच राहू द्या. निवाडे त्यांच्याकडे नाहीत, हे त्यांच्यासमोरच मुलांना सांगा. त्यांची पडायची वेळ विचारून घ्या आणि घरातली शांततेची वेळ तीच ठेवा.

प्रश्न : घरात पाऊल टाकल्या टाकल्या पसारा दिसतो आणि मी ओरडते. रात्री झोपलेल्या मुलांकडे बघून रडू येतं.

उत्तर : त्या वेळी तुमच्या पोटात काय असतं, ते आधी बघा. दुपारच्या जेवणाला सहा-सात तास झालेले असतात, आणि भुकेला जीव चटकन भडकतो. निघण्यापूर्वी थोडं खा, पाणी प्या. मग दाराबाहेर दोन मिनिटं थांबा. नाकाने चार अंक श्वास आत, सहा अंक बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. छाती भरभरून श्वास घेऊ नका, चक्कर येते. हळू आणि नेहमीएवढाच पुरे.

आत गेल्यावर पहिली वीस मिनिटं स्वयंपाकघरात जायचं नाही. मुलांजवळ बसा, दोघांच्या तक्रारी ऐकून घ्या. त्यानंतर पंधरा मिनिटांचा गजर लावून सगळ्यांनी मिळून पसारा आवरायचा. त्यातूनही ओरडलात, तर "मी ओरडले, चुकलं माझं" इथेच थांबा. पुढे "पण तुम्हीसुद्धा..." आलं की माफी पुसली जाते.

आणखी एक, मुलांची झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. सुट्टीत झोपायची वेळ बारापर्यंत सरकते, आईचा शांत तास गिळते, आणि तो मिळवायला आई एकपर्यंत जागते. एरवीपेक्षा तासाभराहून जास्त उशीर होऊ देऊ नका. वेळ सरकलीच असेल तर आधी उठण्याची वेळ नीट करा, मग दर दोन-तीन दिवसांनी झोपणं पंधरा मिनिटं अलीकडे आणा.

प्रश्न : नवरा म्हणतो, "सांग ना काय करू, मी करतो." पण सांगण्यातच माझा जीव जातो.

उत्तर : बरोबर आहे, कारण लक्षात ठेवणं हेच मोठं काम आहे आणि ते तुमच्याकडेच राहतं. मदत मागू नका, एखादं काम मुळापासून देऊन टाका. पोहण्याचा वर्ग दिलात तर अर्ज, फी, वेळा, ने-आण, ओले कपडे, दांडीचा निरोप, सगळं त्यांचं. एखादे दिवशी टॉवेल राहील. राहू द्या. आठवण करून दिलीत की काम पुन्हा तुमच्याकडे आलं.

प्रश्न : हे सगळं करून पाहिलं. मुलं लवकर झोपतात, पण मला झोप लागत नाही. कशात मन रमत नाही, उगाच रडू येतं. तीन आठवडे झाले.

उत्तर : वेळापत्रकाने सुटणारी ही गोष्ट नाही. झोप, भूक, उत्साह यांत दोन आठवड्यांहून जास्त बिघाड राहिला तर डॉक्टरांना दाखवायचं, शाळा सुरू होण्याची वाट बघायची नाही. हे नैराश्य असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत. थायरॉइड किंवा रक्तातलं लोह कमी असणं यानेही असाच थकवा येतो, म्हणून तपासण्यांबद्दल विचारा. झोप कधी लागते, कधी मोडते, हे आठवडाभर टिपून कागद सोबत न्या. स्वतःला किंवा मुलांना इजा करण्याचा विचार एकदा जरी मनात आला, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकट्या राहू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.